पाळी कधी थांबली, हा हाडांचा पहिला प्रश्न

हाडे ठिसूळ होण्याच्या आजाराविषयी, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसविषयी, मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रीसाठी असते. पन्नाशीच्या आसपास पाळी जाते, त्यानंतर हाडे विरळ होऊ लागतात, म्हणून त्या वयात सावध व्हावे, असा त्याचा रोख असतो. शास्त्र म्हणून त्यात काही चूक नाही. पण मी अंबाजोगाईत राहते, महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, आणि केज, धारूर, परळी, अहमदपूर या भागांतल्या नात्यागोत्यांत माझे सतत येणे-जाणे असते. त्या ओळखीच्या आधारावर सांगते की, आमच्याकडच्या असंख्य बायकांना पन्नाशीची ही खूण लागूच पडत नाही. त्यांची गर्भपिशवी तिशी-पस्तिशीतच काढलेली असते. त्यांच्या हाडांची झीज मोजायची असेल, तर जन्मसालापासून मोजून उपयोग नाही. पिशवी कोणत्या साली काढली आणि तेव्हा अंडाशयही काढले का, हे आधी पाहायला हवे. हे मला फार महत्त्वाचे वाटते, आणि दवाखान्याच्या बाहेर कोणी ते बायकांना सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

हाड ही एकदा घडली की तशीच राहणारी वस्तू नाही. आमच्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरावर पावसाळ्यापूर्वी चढून, खचलेली माती उकरून, तिथे नवी पांढरी माती घालून ती चोपावी लागते. हे काम ज्या वर्षी राहून जाईल त्या वर्षी घर गळते. हाडांतही अशीच डागडुजी अखंड चालू असते. काही पेशी जुने, झिजलेले हाड विरघळवून काढतात आणि दुसऱ्या पेशी त्या जागी नवे हाड भरतात. साधारण तिशीपर्यंत भरणाऱ्या पेशींचे काम वरचढ असते, त्यामुळे हाडांचा साठा वाढत जातो. त्यानंतर काही वर्षे दोन्ही कामे जवळपास बरोबरीने चालतात. स्त्रीच्या शरीरात हा तोल सांभाळण्याचे मोठे काम इस्ट्रोजेन हे संप्रेरक करते, कारण ते हाड विरघळवणाऱ्या पेशींना आवरून धरते. अंडाशयांतून येणारे इस्ट्रोजेन कमी झाले की तो आवर सुटतो. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत काही स्त्रियांच्या हाडांची घनता वीस टक्क्यांपर्यंत घटू शकते, आणि या काळात बहुतेक वेळा काहीही दुखत नाही. कंबर दुखते, गुडघे दुखतात, त्याची कारणे वेगळी असतात. हाड मात्र मोडेपर्यंत गप्प असते, आणि मोडते ते मुख्यतः मनगटाला, मणक्यात किंवा खुब्यात.

आता गर्भपिशवीकडे येते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हाच्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली गेली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. त्यामागची कारणे या भागात कोणालाही नवी नाहीत. दसरा-दिवाळीनंतर जोडप्याने, म्हणजे ‘कोयत्या’ने, मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्याच्या भागात जायचे, फडात ना पाणी ना आडोसा, पहाटे कामाला लागायचे, एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जायचे. अशा जगण्यात पाळीच्या तक्रारी, अंगावरून जाणे, ओटीपोटातले दुखणे हे सगळे एकदाच संपवून टाकावेसे वाटणे स्वाभाविक आहे, आणि ‘पिशवी खराब झाली आहे, पुढे कॅन्सर होईल’ एवढे एक वाक्य त्यासाठी पुरेसे ठरत आले आहे. पण हा प्रश्न केवळ ऊसतोड करणाऱ्यांचा नाही. शेतकरी घरांत, नोकरदार घरांत, माझ्या स्वतःच्या नात्यातही चाळिशीच्या आत पिशवी काढलेल्या बायका आहेत. समितीच्या निमित्ताने शस्त्रक्रिया गरजेची होती की नव्हती याची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. मात्र ज्यांची शस्त्रक्रिया होऊन गेली त्या हजारो बायकांच्या हाडांचे पुढे काय, हा विषय त्या चर्चेत फारसा आलाच नाही.

येथे एक भेद नीट समजून घ्यायला हवा. गर्भाशय आणि अंडाशय हे दोन वेगळे अवयव आहेत. गर्भाशय काढले की पाळी येणे थांबते, पण अंडाशय जागेवर ठेवले असतील तर इस्ट्रोजेन तयार होत राहते. तरीही अशा स्त्रियांत अंडाशयांचे काम नैसर्गिक वेळेच्या काही वर्षे आधी मंदावू शकते. पाळी आधीच बंद झालेली असल्यामुळे ते नेमके केव्हा मंदावले हे कळायला बाहेरून काही खूण उरत नाही. अंगातून वाफा निघणे, रात्री घाम येऊन जाग येणे, झोप उडणे, एवढ्याच गोष्टी सूचना देतात. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयही काढले असतील तर मात्र शस्त्रक्रियेच्या दिवसापासूनच इस्ट्रोजेन एकदम खाली येते. पस्तिसाव्या वर्षी असे झाले, तर ती स्त्री पन्नाशीची होईपर्यंत तिची हाडे पंधरा वर्षे त्या आवरावाचून राहिलेली असतात. पन्नाशीनंतर सावध होण्याचा सल्ला तिच्यापर्यंत फार उशिरा पोहोचतो.

माझ्या मोठ्या जाऊबाई केज तालुक्यातल्या गावी राहतात. वय सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस, शेतात राबणाऱ्या, तब्येतीने काटक. अंगणातल्या ओल्या शहाबादी फरशीवर त्यांचा पाय घसरला, त्यांनी हात टेकवला आणि मनगट मोडले. उभ्या उंचीवरून नुसते पडून मोडलेले हाड हे ठिसूळपणाचे लक्षण समजले जाते, कारण धडधाकट हाड एवढ्याशा पडण्याने मोडू नये. ज्या खासगी दवाखान्यात त्यांना नेले तिथे हाड नीट बसवले, प्लास्टरही व्यवस्थित घातले, पण हाड का मोडले, याची विचारपूस झाली नाही. कॅल्शियमच्या गोळ्यांची एक पट्टी देऊन घरी पाठवले. त्यांची पिशवी पूर्वीच काढलेली आहे हे मला ठाऊक होते. मी विचारले, ‘आक्का, तवा अंडाशयं ठेवली होती का काढली?’ त्या म्हणाल्या, ‘काय की माय, डॉक्टरनं सगळं साफ केलं म्हणून सांगितलं.’ पत्र्याच्या पेटीत, जमिनीच्या कागदांखाली, त्या शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड सापडले. त्यावर इंग्रजीत ‘टीएएच विथ बीएसओ’ असे लिहिले होते. यातली पहिली तीन अक्षरे पोट उघडून गर्भाशय काढल्याची आणि पुढची ‘बीएसओ’ ही अक्षरे दोन्ही बाजूंच्या बीजवाहिन्या व दोन्ही अंडाशय काढल्याची नोंद सांगतात. तेव्हा त्यांचे वय जेमतेम बत्तीस-तेहेतीस असेल.

ज्यांच्या घरी असे कार्ड असेल त्यांनी ते आजच शोधून ठेवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यावर ‘बीएसओ’ ही अक्षरे दिसली तर हाडांच्या तपासणीसाठी पन्नाशीची किंवा साठीची वाट पाहायची नाही. कार्ड हरवले असेल तर सोनोग्राफीत अंडाशय आहेत की नाहीत याचा अंदाज येऊ शकतो, आणि ते काम करत आहेत का हे पाहण्यासाठी एफएसएच नावाची रक्ततपासणी उपयोगी पडते. डॉक्टरांकडे कोणत्याही कारणाने गेलात तरी ‘माझी पिशवी अमुक वर्षी काढली आहे’ हे वाक्य स्वतःहून सांगायला संकोच करू नये.

हाडांची घनता मोजण्याची खरी तपासणी डेक्सा ही आहे. तिच्यात कंबरेचे मणके आणि खुबा यांचा अत्यंत कमी मात्रेच्या क्ष-किरणांनी आलेख काढतात. दुखत नाही, सुई टोचत नाहीत. तिच्या अहवालात टी-स्कोअर असतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवलेल्या मोजमापानुसार उणे १ पर्यंतचा आकडा सामान्य, उणे १ ते उणे २.५ यांमधला म्हणजे घनता कमी होऊ लागल्याची पायरी, आणि उणे २.५ किंवा त्याहून खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. ही सोय तालुक्याच्या गावी सहसा नसते, त्यासाठी मोठ्या शहरात जावे लागते. याउलट टाच यंत्रात ठेवून केली जाणारी ‘मोफत हाड तपासणी’ आपल्याकडच्या शिबिरांत हमखास दिसते. तिच्यावरून फार तर पुढे डेक्सा करावी का याचा अंदाज घ्यावा. निदान करू नये, आणि नुसत्या त्या आकड्यावर घाबरून औषधेही घेऊ नयेत. आमच्या भागापुरती आणखी एक बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे. नांदेड जिल्ह्यातील काही गावांसह मराठवाड्यात ठिकठिकाणी बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. वर्षानुवर्षे जास्त फ्लोराइड पोटात गेले तर हाडे दाट होतात पण मजबूत होत नाहीत, त्यामुळे अशा गावातल्या स्त्रीचा डेक्साचा आकडा चांगला दिसूनही हाड कच्चे असू शकते. डॉक्टरांना गावाचे नाव आणि पिण्याचे पाणी कुठले आहे हे सांगणे म्हणून गरजेचे आहे.

मणक्यांचे मोडणे तर बहुतांश वेळा कळतच नाही. जड घागर उचलताना पाठीत उसण भरली असे वाटते, बाई चार दिवस शेकून पुन्हा कामाला लागते, आणि मणका मात्र पुढच्या बाजूने दबलेला असतो. तरुणपणीच्या मानाने उंची दीड इंचाहून अधिक घटली असेल किंवा पाठीला वरच्या भागात पोक येऊ लागले असेल, तर ते ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये, पाठीचा एक्स-रे काढून घ्यावा. एकदा असे हाड मोडले की पुढचे हाड मोडण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो. जाऊबाईंच्या मनगटाकडे मी इतक्या गांभीर्याने पाहिले ते यासाठीच. जगभरातल्या आकडेवारीनुसार पन्नाशीपुढच्या दर तीन स्त्रियांपैकी एकीचे हाड आयुष्यात कधी ना कधी या कारणाने मोडते.

आहाराविषयी बोलताना आपल्या ताटाचा हिशेब प्रामाणिकपणे मांडावा लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला रोज १,००० मिलिग्रॅम आणि पाळी गेलेल्या स्त्रीला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. आपली ज्वारी अनेक अर्थांनी उत्तम धान्य आहे, पण १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम तीस मिलिग्रॅमही नसते. दिवसाकाठी चार भाकरी खाल्ल्या तरी त्यातून शंभराच्या आसपासच मिळते. भाकरी, बेसन किंवा ठेचा, आणि दिवसातून चार वेळा कोरा चहा, असा ज्या बाईचा आहार आहे तिची गरज निम्म्यानेही भागत नाही. दुधाच्या एका पेल्यातून साधारण २४० मिलिग्रॅम मिळते, दह्यातून जवळपास तितकेच. धाराशिव जिल्ह्यातला भूम, वाशी, कुंथलगिरी हा पट्टा खव्यासाठी प्रसिद्ध आहे, घरोघरी म्हशी आहेत. पण सकाळी धार काढून दूध डेअरीवर किंवा खव्याच्या भट्टीवर जाते, उरलेले लेकरांना आणि पुरुषांना, आणि धार काढणारीच्या वाट्याला कोरा चहा येतो, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. एक पेला दूध स्वतःसाठी बाजूला काढून ठेवण्याची सवय ही माझ्या मते कोणत्याही गोळीच्या आधी लागायला हवी. ज्यांना दूध पचत नाही त्यांना ताक-दही बहुधा पचते, आणि येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आपण जी ताकातली आंबील मोठ्या प्रेमाने करतो ती वर्षातून एकदाच का करावी?

तीळ हे कॅल्शियमचे मोठे भांडार आहे. पांढऱ्या तिळात १०० ग्रॅममागे बाराशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असते. ते सगळे शरीराला लागते असे नाही, कारण टरफलातील काही घटक त्याला बांधून ठेवतात. तरीही रोजच्या भाकरीवर तीळ लावणे, तीळ भाजून चटणी करणे हे सोपे आणि स्वस्त आहे. शेवग्याच्या पाल्यात शंभर ग्रॅममागे तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. आपण शेंगा खातो आणि पाला शेळीला टाकतो. मेथीही चांगली. पालकातले कॅल्शियम मात्र ऑक्सलेटमुळे फारसे शोषले जात नाही, त्यामुळे त्याच्यावर भिस्त ठेवू नये. हाडाचा सांगाडा प्रथिनांचा असतो हेही विसरून चालणार नाही. वरण, मटकी, शेंगदाणे, चालत असल्यास अंडी, यांतले काहीतरी दोन्ही वेळच्या जेवणात असावे. एकादशी, सोमवार, गुरुवार, चतुर्थी असे आठवड्यातले तीन-तीन उपवास करणाऱ्या बायकांनी त्या दिवशी नुसता साबुदाणा न खाता दूध, दही, राजगिरा आणि शेंगदाणे घ्यावेत.

गोळ्यांबद्दल थोडक्यात सांगते. कॅल्शियम एका वेळी पाचशे मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेतले तर नीट शोषले जात नाही. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्यावी. लोहाची गोळी आणि ही गोळी यांत दोन तासांचे, थायरॉईडची गोळी असेल तर चार तासांचे अंतर ठेवावे. ड जीवनसत्त्व नसेल तर कॅल्शियम आतड्यातून फारच कमी शोषले जाते. मराठवाड्यात ऊन नको म्हणण्याइतके आहे, तरीही अनेक बायकांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी निघते, कारण शेतातही अंगभर कपडे आणि तोंडाला स्कार्फ असतो आणि घरात राहणाऱ्यांना ऊन लागतच नाही. सावळ्या त्वचेला ते तयार करायला अधिक वेळ लागतो. अकरा ते दोनच्या दरम्यान हात, पाय, मान यांवर थोडा वेळ थेट ऊन घ्यावे. उन्हाळ्यात मात्र हे अगदी काही मिनिटांपुरतेच. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा यासाठी उपयोग होत नाही. साठ हजार युनिटची आठवड्याची पुडी डॉक्टरांनी सांगितली असेल तितकेच आठवडे घ्यावी. गुण येतो म्हणून मेडिकलमधून आपल्या मनाने आणून महिनोन्‌महिने घेणे किडनीला महागात पडू शकते. आणि दम्यासाठी, सांधेदुखीसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या तीन महिन्यांहून अधिक घ्याव्या लागत असतील, तर हाडांचा विषय डॉक्टरांकडे स्वतः काढावा. सांधेदुखीवर कुठल्याशा गावची ‘रामबाण’ भुकटी घेणाऱ्यांनीही तिच्यात स्टिरॉइड मिसळलेले असू शकते, हे लक्षात ठेवावे.

‘दिवसभर राबतो, आणखी व्यायाम कशाला?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. चालणे, चढणे, ओझे वाहणे यांनी हाडांना ताण मिळतो आणि तो हाडांना हवाच असतो. पण निंदणी-खुरपणीत तासन्‌तास वाकून बसणे किंवा कमरेत वाकून जड घागर उचलणे याने विरळ झालेल्या मणक्यांवर पुढच्या बाजूने भार येतो. ओझे उचलताना गुडघ्यांत बसून, पाठ सरळ ठेवून, घागर अंगाजवळ धरून उठावे. घरी भिंतीला हात टेकून टाचा उचलणे, आधाराशिवाय खुर्चीवरून उठणे-बसणे, आधाराजवळ एका पायावर उभे राहणे हे दहा मिनिटांचे काम आहे, आणि त्याने तोल सुधारतो. पडणे टाळले की निम्मी लढाई जिंकली. न्हाणीघरातील शेवाळलेली फरशी खरवडावी, रात्री उठण्याच्या वाटेवर दिवा असावा, मोतीबिंदू असेल तर त्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलू नये.

ज्यांचे अंडाशय पंचेचाळिशीच्या आत काढले गेले आहेत त्यांना, इतर काही अडचण नसेल तर, नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, बाहेरून इस्ट्रोजेन देण्याचा सल्ला वैद्यकशास्त्र देते. स्तनाचा कर्करोग झालेल्या किंवा रक्ताच्या गुठळ्या होण्याचा इतिहास असलेल्या स्त्रियांना ते चालत नाही, म्हणून हा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांनीच घ्यायचा असतो. पण शस्त्रक्रियेनंतर टाके काढून घरी पाठवताना ही गोष्ट सांगितलेली बाई मला आजवर क्वचितच भेटली आहे. जाऊबाईंची डेक्सा आम्ही लातूरला केली. मणक्यांचा टी-स्कोअर उणे २.५ च्या खाली निघाला, ड जीवनसत्त्वही बरेच कमी होते. डॉक्टरांनी आधी ते भरून काढले आणि मग आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेन्ड्रोनेटची सत्तर मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. ती सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, चहाबरोबर नाही. त्यानंतर अर्धा तास काही खायचे नाही आणि आडवेही व्हायचे नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. ज्यांना गोळी सोसत नाही त्यांच्यासाठी वर्षातून एकदा सलाईनमधून देण्याचे झोलेड्रॉनिक आम्ल आहे, सहा महिन्यांनी एकदा देण्याचे डेनोसुमॅबचे इंजेक्शन आहे. हे दुसरे इंजेक्शन मधेच सोडले तर मणके मोडण्याचा धोका झपाट्याने वाढतो, तेव्हा सुरू करण्यापूर्वीच पुढच्या खर्चाचा विचार करावा.

२०२२ च्या नवरात्रात राज्य शासनाने ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ हे अभियान राबवले आणि गावोगावी अठरा वर्षांवरील महिलांची तपासणी केली. अशी शिबिरे पुढेही होतील, आशाताई घरोघरी जातच असतात. त्यांच्या नोंदवहीत तीन साधे प्रश्न असावेत असे मला मनापासून वाटते: पाळी कोणत्या वर्षी थांबली, आपोआप थांबली की शस्त्रक्रियेने, आणि त्यात अंडाशय काढले का. चाळिशीच्या आत अंडाशय काढले गेलेल्या प्रत्येक बाईला जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळावी. बचत गटाच्या बैठकीतही हे विचारता येईल, त्यासाठी कोणत्या आदेशाची गरज नाही. येत्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या गटापासून मी ते सुरू करणार आहे, आणि ज्यांना आपल्या कार्डावरचे इंग्रजी वाचता येत नाही त्यांनी ते घेऊन यावे, मी वाचून देईन.